एक विजय, नऊ पराभव

साशंक : १९४३ च्या हंगामात विस्कॉन्सिन विद्यापीठाचा फुटबॉल संघ दहा सामने खेळला आणि त्यातले नऊ हरला. नोटर डेमने त्यांना ५०–० असं लोळवलं, नॉर्थवेस्टर्नने ४१–०, पर्ड्यूने ३२–०, मिशिगनने २७–०. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हा संघ मिनेसोटाकडून शेवटचा सामना हरला. त्याच आठवड्यात पॅसिफिक महासागरातल्या तारावा बेटावर अमेरिकेचे मरीन सैनिक उतरत होते. तीन-चार दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकन तिथे मारले गेले. देशात पेट्रोल, साखर, मांस, चामड्याचे बूट, सगळं रेशनवर होतं. आणि अशा वेळी एक विद्यापीठ दर शनिवारी मैदान आखतं, बँड वाजवतं, तिकिटं विकतं आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना मार खायला मैदानात उतरवतं. हरण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कोणीतरी हरणारच. पण मुळात खेळलेच कशाला?

चाहता : त्याआधी हे खेळले कोण, ते सांगतो. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरायचा, समोरच्या अकरा जणांना रेटायचं आणि यार्डा-यार्डाने जमीन जिंकायची. इथे वजनाला आणि वयाला फार किंमत. सतराचा पोरगा आणि बावीस वर्षांचा भरलेला गडी समोरासमोर आले की निकाल बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. १९४२ साली हाच विस्कॉन्सिनचा संघ देशात तिसरा होता. आठ सामने जिंकले, एक बरोबरीत, एक हरला. ३१ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी ओहायो स्टेटला १७–७ असं हरवलं. ओहायो स्टेट तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं, आणि वर्षाअखेर वार्ताहरांच्या मतदानात राष्ट्रीय विजेतंही तेच ठरलं. त्यांचा वर्षभरातला तो एकमेव पराभव. विस्कॉन्सिनच्या त्या संघाचे दोन कर्णधार होते, डेव्ह श्राइनर आणि मार्क हॉस्किन्स. लँकेस्टर नावाच्या एकाच छोट्या गावात वाढलेले, लहानपणापासूनचे दोस्त. सोबत पॅट हार्डर होता, एलरॉय हिर्श होता. पुढचा हंगाम उजाडला तेव्हा यांच्यापैकी एकही मॅडिसनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, नव्हता. १९४२ च्या नोव्हेंबरात सक्तीच्या भरतीचं वय विसावरून अठरावर आलं होतं. मागे उरली ती अठरा पूर्ण न झालेली पोरं, आणि वैद्यकीय तपासणीत लष्कराने परत पाठवलेली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मुख्य संघातून खेळायचं नाही, हा नियम विद्यापीठांच्या क्रीडा परिषदेने युद्धापुरता सैल केला म्हणून ही पोरं मैदानात दिसली तरी. त्या पोरांना तुम्ही काय सांगितलं असतं? की तुमच्या आधीचे गेले, आता तुमची पाळी येईपर्यंत हात बांधून बसा?

साशंक : हात बांधून कशाला? शिका, कारखान्यात काम करा, शेतावर जा. तेव्हा माणसं सगळीकडे हवी होती. आणि संध्याकाळी चेंडू हवा तर आपापसांत खेळा, कोण अडवतंय? हार्वर्डने त्या वर्षी तसंच केलं, अनौपचारिक संघ ठेवला आणि भागवलं. स्टॅनफर्डने १९४३ पासून तीन हंगाम फुटबॉल बंदच ठेवला. अलाबामाने एक वर्ष. टेनेसी, फ्लोरिडा, मिशिगन स्टेट, सगळ्यांनी १९४३ साली संघ उतरवला नाही. त्यांच्यावर आभाळ कोसळलं का? अलाबामाने १९४५ साली एकही सामना न गमावता हंगाम काढला आणि १९४६ च्या पहिल्या दिवशी रोझ बाउल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाला ३४–१४ असं हरवलं. खेळ वर्षभर थांबला म्हणून मरत नाही. मग थांबायचं नाही हा हट्ट कोणाचा? पोरांचा की तिकीटखिडकीचा? अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉलच्या तिकिटांवर बाकीचे खेळ पोसले जातात, हे तुम्हीही जाणता.

चाहता : जाणतो, आणि ते नाकारत नाही. पण अलाबामाचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. एक वर्षाच्या खंडानंतर १९४४ साली त्यांनी उतरवली ती पहिल्या वर्षाची पोरंच. ‘युद्धबाळं’ म्हणायचे त्यांना. त्या वर्षी त्यांनी अनुभव घेतला, म्हणून पुढच्या वर्षी ती जिंकली. कच्च्या पोरांना मैदानात उतरवण्याला पर्याय कुणाकडेच नव्हता. एकाने ते वर्षभर आधी केलं, एकाने नंतर. आणि बंद करणं हेच कर्तव्य, असं सरकारचंही मत नव्हतं. १९४२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून खेळ चालू ठेवा असं कळवलं होतं. लोक जास्त तास राबणार, त्यांना विरंगुळा लागणार, हा त्यामागचा विचार. आरमाराला तर फुटबॉल हवाच होता. चेंगराचेंगरीत डोकं शांत ठेवायचं, पडल्यावर लगेच उठायचं, शेजारच्यावर भरवसा टाकायचा, हे वैमानिकांना आणि अधिकाऱ्यांना या खेळातून शिकवता येतं असं त्यांचे प्रशिक्षक मानत. विस्कॉन्सिनच्या मैदानाचं नावच कॅम्प रँडल आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथे सत्तर हजारांच्या आसपास सैनिक तयार होऊन बाहेर पडले. त्या जमिनीवर कवायत आणि खेळ यांच्यातली रेघ कधीच ठळक नव्हती.

साशंक : आरमाराचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण माझी खरी तक्रार तिथेच आहे. एकाच सरकारच्या दोन हातांनी दोन उत्तरं दिली. आरमाराने १ जुलै १९४३ पासून व्ही-१२ नावाची योजना काढली. १३१ महाविद्यालयांत अधिकारी होणारी मुलं शिकायला ठेवली आणि त्यांना तिथल्या संघातून खेळायची मुभा दिली. भूदलाचीही तशीच योजना होती, पण त्यांनी आपल्या मुलांना महाविद्यालयीन सामने खेळायला साफ मनाई केली. म्हणजे तुमच्या आवारात आरमार आलं तर तुम्ही जिंकणार, भूदल आलं तर हरणार. विस्कॉन्सिनचा हिर्श आणि त्याचे काही साथीदार सरकारी हुकमाने मिशिगनला गेले आणि मिशिगनच्या पोशाखात खेळले. हिर्शने तर त्या एका वर्षात मिशिगनसाठी चार वेगवेगळ्या खेळांत प्रावीण्याचं मानचिन्ह मिळवलं. मिनेसोटाचा बिल डेलीही तिथेच. मिशिगनने नऊपैकी आठ सामने जिंकले. इलिनॉयची कथा तर आणखी वाईट. त्यांचे ॲलेक्स अगासी आणि टोनी बुटकोविच पर्ड्यूला पाठवले गेले, आणि पर्ड्यूने इलिनॉयला त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच माणसांच्या जोरावर ४०–२१ असं हरवलं. पर्ड्यूचा तो हंगाम नऊ विजय, शून्य पराभव असा आहे. पर्ड्यूच्या प्रशिक्षकाने असं काय जास्त केलं, किंवा विस्कॉन्सिनच्या पोरांनी असं काय कमी केलं? कुठल्यातरी कार्यालयात कारकुनाने याद्या बनवल्या आणि निकाल तिथेच लागला. मग शनिवारी मैदानात जे झालं त्याला स्पर्धा कसं म्हणायचं? स्पर्धाच नसेल, तर त्या पन्नास गुणांखाली पोरांना चिरडायचं कशासाठी?

चाहता : नोटर डेमचा तो सामना मलाही बोचतो, आणि एका जास्तीच्या कारणाने. विस्कॉन्सिनचे प्रशिक्षक हॅरी स्टुलड्रेहर हे स्वतः नोटर डेमचे जुने क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारे खेळाडू. १९२४ च्या त्या गाजलेल्या चौकडीतले एक, ज्यांना एका वार्ताहराने ‘चार घोडेस्वार’ असं नाव दिलं होतं. आपल्याच विद्यापीठाच्या संघाने आपल्या पोरांना पन्नास गुणांनी लोळवलेलं त्यांना बाजूला उभं राहून बघावं लागलं. नोटर डेममध्ये आरमाराची योजना होती आणि त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेही तेच झाले. पण त्यांचाही क्वार्टरबॅक अँजेलो बर्टेली सहा सामन्यांनंतर मरीनच्या प्रशिक्षणाला गेला, आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइसमन पारितोषिक त्याला जाहीर झालं तेव्हा तो संघात नव्हता. युद्धाने कुणालाच पुरतं सोडलं नव्हतं. राहिला स्पर्धेचा मुद्दा. हा खेळ समपातळीवर होता तरी कधी? ज्याच्याकडे पैसा, ज्याचं नाव मोठं, त्याच्याकडे चांगली पोरं जायची, ती १९४३ च्या आधीही आणि नंतरही. फरक इतकाच की एरवी हे आडून होतं, त्या वर्षी सरकारी हुकमाने उघड झालं. मी तर उलटं म्हणतो. १९४३ साली एखादं विद्यापीठ खरोखर आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन खेळलं असेल, तर ते विस्कॉन्सिनसारखं हरणारं विद्यापीठ. बाहेरून कुमक आली नाही, आवारात जी मुलं होती ती उतरली. आयोवाविरुद्धचा सामना घ्या. विस्कॉन्सिनचा तो वर्षातला एकमेव विजय, ७–५. हा आकडा नीट बघा. सात म्हणजे एक टचडाउन, चेंडू घेऊन समोरच्याच्या गोलपट्टीत शिरणं, आणि त्यानंतरची एक किक. पाच म्हणजे आयोवाचा एक फील्ड गोल, चेंडू खांबांमधून लाथाडून मिळवलेला, आणि एक सेफ्टी, म्हणजे विस्कॉन्सिनचा गडी चेंडूसकट स्वतःच्याच गोलपट्टीत अडकला आणि दोन गुण गेले. आयोवाला एकही टचडाउन करता आलं नाही. दोन गुणांची आघाडी आणि ती शेवटपर्यंत राखायची, याला किती छाती लागते हे कबड्डीच्या शेवटच्या मिनिटात एका गुणाची आघाडी सांभाळलेल्या कुणालाही विचारा. हा सामना कुठल्याच कारकुनाने लिहिला नव्हता.

साशंक : कारण तिथे दोघेही सारखेच लुटले गेलेले होते. आयोवाने त्या वर्षी एकच सामना जिंकला. आणि आयोवाचं नाव घेतलंत तर नाइल किनिकही आठवा. १९३९ चा हाइसमन विजेता, आयोवाचा. २ जून १९४३ ला विमानवाहू जहाजावरून प्रशिक्षणासाठी उडाला तो परत आला नाही. म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधीच आयोवाचा सर्वांत मोठा खेळाडू समुद्रात गेला होता, आणि शरद ऋतूत त्याच विद्यापीठात तिकिटं विकायला होती. तुमच्या ७–५ मधली जिद्द मला दिसते. खोटं कशाला बोलू, ती ऐकून मलाही बरं वाटतं. पण पोरांच्या जिद्दीने मोठ्यांचा निर्णय बरोबर ठरत नाही. सैनिक शूर निघाले म्हणून युद्ध योग्य ठरतं का? तोच हिशोब इथेही.

चाहता : हे पटण्यासारखं आहे. म्हणून मी मोठ्यांना सोडून देतो आणि खेळणाऱ्यांकडे जातो. १९४४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ग्वादलकनाल बेटावर मरीनच्या दोन रेजिमेंटांमध्ये, चौथी विरुद्ध एकोणतिसावी, फुटबॉलचा सामना झाला. ‘मॉस्किटो बाउल’ म्हणतात त्याला. मैदान म्हणजे प्रवाळाच्या खड्यांचं कवायतीचं पटांगण, पडलं की कातडी सोलवटायची. श्राइनर त्यात खेळला, विस्कॉन्सिनचाच बॉब बाउमन खेळला, दुसऱ्या बाजूने बुटकोविच खेळला. तोच बुटकोविच, ज्याने १९४३ साली पर्ड्यूसाठी सोळा टचडाउन केली आणि हंगाम पुरा व्हायच्या आत ज्याला पुढच्या प्रशिक्षणाला हलवलं. सामना ०–० सुटला. तिथे तिकीटखिडकी नव्हती, माजी विद्यार्थी नव्हते, नाव टिकवायला विद्यापीठ नव्हतं. उद्या काय होणार याची कल्पना असलेली माणसं, हाताशी एक मोकळी दुपार, आणि त्यांनी काय केलं? फुटबॉल खेळले. बुटकोविच १८ एप्रिल १९४५ ला ओकिनावावर मारला गेला. बाउमन जूनमध्ये. श्राइनर लढाई संपता संपता, २१ जूनला. हॉस्किन्सचं बॉम्बफेकी विमान १९४४ च्या जूनमध्ये हंगेरीवर पडलं आणि तो युद्धकैदी झाला. तो वाचला. युद्धात खेळ हा उपरा असतो असं तुम्ही म्हणता. ज्यांच्यावर युद्ध कोसळलं त्यांनाच तो उपरा वाटला नाही.

साशंक : तुमचा हा सर्वांत भक्कम मुद्दा, आणि मला वाटतं तो माझ्या बाजूने जातो. ग्वादलकनालला ते खेळले कारण त्यांना खेळायचं होतं. तेच तुम्ही म्हणालात, तिकीट नाही, विद्यापीठ नाही. मग विस्कॉन्सिनच्या हंगामातून तिकीट आणि विद्यापीठ काढून टाका. उरेल ते पोरांचं, त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध त्यावर उभ्या केलेल्या व्यवहाराला आहे. आणि सतरा वर्षांच्या पोरांना खेळायला देऊन तुम्ही त्यांना युद्धाआधीचं एक सुखाचं वर्ष दिलंत, हे जे तुम्ही सुचवताय, त्याला एक नाव आडवं येतं. ॲलन शेफर. विस्कॉन्सिनचा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक, वय सतरा. ११ नोव्हेंबर १९४४. मैदान कॅम्प रँडल, समोर पुन्हा आयोवा. सामन्यात त्याला मार लागला आणि त्याच दिवशी तो गेला. विस्कॉन्सिन तो सामना जिंकलं होतं. लष्कराने ज्याला अजून हात लावला नव्हता, ज्याचं भरतीचं वयच अजून झालं नव्हतं, तो खेळात गेला. एरवी पहिल्या वर्षाच्या मुलाला त्या संघातून खेळताच आलं नसतं. नियम सैल झाला तो माणसं कमी पडली म्हणून.

चाहता : शेफरपुढे माझ्याकडे उत्तर नाही, आणि उसनं उत्तर मी देणार नाही. शांततेच्या काळातही या खेळात पोरं दगावली आहेत, हे खरं असलं तरी इथे ते म्हणणं मला शोभणार नाही. नियम का सैल झाला, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. कच्च्या पोरांचा भार कमी करायला एक गोष्ट झाली होती, तेवढी सांगतो, समर्थन म्हणून नव्हे. १९४१ मध्ये बदली खेळाडू हवा तेव्हा आत आणता येईल अशी मुभा नियमात आली. तोवर एकदा बाहेर गेलेल्या गड्याला परत यायला फार अडचण, म्हणून तेच अकरा जण हल्ल्यालाही आणि बचावालाही राबायचे. याच मुभेचा आधार घेऊन १९४५ साली मिशिगनचे फ्रिट्झ क्रायस्लर बलाढ्य आर्मी संघासमोर, म्हणजे भूदलाच्या अकादमीच्या संघासमोर, आपली नवखी पोरं दोन तुकड्या करून उतरवते झाले, एक चढाईची, एक बचावाची. तो सामनाही ते २८–७ असे हरले. पण आज हा खेळ जगभर ज्या रीतीने खेळला जातो ती तिथून रुजली. पोरं दमतात, पोरं कमी पडतात, हे कुणालातरी दिसलं होतं. शेफरला त्याचा उपयोग झाला नाही, हेही मला दिसतं.

साशंक : मग निदान इथवर आपण एक आहोत का, की प्रश्न युद्धात खेळावं की नाही हा नाहीच? कुणी कुणाला खेळायला लावलं, आणि त्या खेळाचं पुढे काय केलं, हा आहे?

चाहता : प्रश्न तो आहे, हे मान्य. तुमचं उत्तर मान्य नाही. तिकीट काढून टाका म्हणणं सोपं आहे. पण रिकाम्या स्टेडियममध्ये ७–५ चा सामना झाला असता, तर त्या पोरांना आपण विस्कॉन्सिनसाठी खेळतोय हे कशावरून कळलं असतं? आदल्या वर्षी श्राइनर ज्या गर्दीसमोर खेळला तीच गर्दी, थोडी विरळ का होईना, आपल्यासमोर बसली आहे, यातच त्यांचं विद्यार्थी असणं होतं. गर्दी आली की पैसा येतो. या दोन गोष्टी अमेरिकेत तरी कुणाला वेगळ्या करता आलेल्या नाहीत. तुम्ही पैसा काढायला जाल आणि त्याबरोबर गाव निघून जाईल. १९४४ सालीही विस्कॉन्सिन नऊपैकी सहा सामने हरलं. नुसता धंदाच असता, तर हरणाऱ्या संघामागे लोक दोन वर्षं उभे राहिले नसते.

साशंक : राहिले असतील. पण त्या गर्दीने मोबदल्यात काय दिलं ते बघा. विस्कॉन्सिनने ८० क्रमांक श्राइनरसाठी आणि ८३ शेफरसाठी कायमचा राखून ठेवला, पुन्हा कुणी तो घालणार नाही. हे योग्यच झालं. एक युद्धात गेला, एक खेळात. पण १९४३ च्या पोरांचं काय? त्यांच्या वाट्याला नोंदपुस्तकातली एक ओळ आली, एक विजय, नऊ पराभव, आणि ती स्टुलड्रेहरांच्या खात्यावर जशीच्या तशी चढली. तळाला एक खूण करून, हा हंगाम कसा झाला ते लिहायला काय हरकत होती?

चाहता : मला ती खूण नको. खूण केली की तो हंगाम दयेचा होतो. पोरं हरली, ती हार त्यांची आहे. ती काढून घेतली तर ७–५ सुद्धा काढून घ्यावा लागेल.

साशंक : असू द्या. विस्कॉन्सिनच्या ओळीवर खूण नको, हे मी मानतो. मग ती मिशिगनच्या आठ विजयांवर करा, पर्ड्यूच्या नऊ विजयांवर करा, आणि ही माणसं कुठून आणली ते तिथे लिहा. तोवर माझ्या लेखी १९४३ चा विस्कॉन्सिनचा एक-नऊ हा आकडा पूर्ण आहे, आणि पर्ड्यूचा नऊ-शून्य अर्धवट.